वाचकांचे प्रश्न : फाटकावरची सात वाक्यं आणि टँकरचं बिल

एरवी या पानावर मी घरखर्चाचे प्रश्न सोडवते. भिशी लावावी का, पेन्शनीचे पैसे कुठे ठेवावेत, जावयाला उसने द्यावेत का, अशी पत्रं येतात. दोन अंकांमागे एका भगिनीला मी सहज लिहून गेले की रविवारी सकाळी साडेनऊ ते बारा माझा फोन बंद असतो, कारण मी चर्चला असते आणि २२ वर्षं तिथली खजिनदारही होते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी या खेपेचं पान त्यालाच दिलं.

आधीच सांगते, मी पाळक (चर्चचा धर्मगुरू) नाही आणि धर्मशास्त्रही शिकलेली नाही. अकोल्यात शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली बाई आहे. ग्रंथातलं उत्तर हवं असेल तर ते पाळकसाहेबांकडे मिळेल. माझ्याकडे कीर्द-खतावणी आहे.

बाई, तुमच्या चर्चच्या फाटकाशेजारी ‘आमचा विश्वास’ असा फलक आहे, त्यावर सात वाक्यं आहेत. नोकरीत असताना रोज बस तिथून जायची, त्यामुळे पाठ झालीत, पण कळली नाहीत. ‘इव्हँजेलिकल’ म्हणजे काय? वसईचे ख्रिस्ती माझ्या ओळखीचे आहेत. त्यांच्याकडे मारियामातेची मूर्ती असते, तुमच्याकडे क्रूससुद्धा रिकामा. — एक निवृत्त कंडक्टर, अकोला

दादा, ती पाटी तुम्हाला पाठ आहे म्हणता. आमच्या अर्ध्या सभासदांना नसेल.

वसईचे तुमचे मित्र रोमन कॅथलिक असणार. त्यांची परंपरा पोर्तुगिजांच्या काळापासूनची, सोळाव्या शतकातली. आमचं घराणं प्रॉटेस्टंट आणि महाराष्ट्रात बरंच नंतरचं. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले, १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरला ठाणं केलं, आणि आमच्या वऱ्हाडात मिशनची माणसं त्याच शतकाच्या उत्तरार्धात आली. ‘इव्हँजेलिकल’ हा शब्द मूळ ग्रीक, अर्थ सुवार्ता, म्हणजे चांगली बातमी. नाव परकं वाटतं खरं, पण देशभरच्या इव्हँजेलिकल मंडळ्यांची संघटना १९५१ साली उभी राहिली ती आपल्या अकोल्यातच. दोन वर्षांनी यवतमाळला पाळक तयार करणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. ती १९८३ मध्ये पुण्याला गेली, त्याचं दुःख यवतमाळकर ख्रिस्ती लोक अजून बोलून दाखवतात.

आता सात वाक्यं. देव एकच आहे आणि तो पिता, पुत्र व पवित्र आत्मा असा त्रैक्य आहे. पवित्र शास्त्र देवाच्या प्रेरणेनं लिहिलेलं आहे आणि विश्वास आणि आचरण या बाबतीत शेवटचा शब्द त्याचा. येशू ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य. तो आमच्या पापांसाठी वधस्तंभावर मेला आणि तिसऱ्या दिवशी सदेह उठला. क्रूस रिकामा का, ते या चौथ्या वाक्यात आहे. मूर्ती नाही, कारण देव आणि माणूस यांच्यामध्ये ख्रिस्ताखेरीज दुसरा मध्यस्थ आम्ही मानत नाही. मारियेचा मान ठेवतो, तिच्याकडे प्रार्थना करत नाही. सहावं वाक्य पवित्र आत्मा आणि मंडळी यांच्याबद्दल, सातवं ख्रिस्ताच्या पुन्हा येण्याबद्दल. (चर्चच्या सभासदांना मिळून आम्ही एकवचनी ‘मंडळी’ म्हणतो. मंडळी जमली, मंडळी उठली.)

पाचवं मुद्दाम मागे ठेवलं. तारण, म्हणजे पापातून सुटका, कर्मानं होत नाही, कृपेनं होतं, विश्वासाच्या द्वारे. बाकीची सहा वाक्यं मी लहानपणी शब्बाथ शाळेत (चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गात) घोकली आणि ती डोक्यात बसली. हे एक वाक्य मला गणिताची शिक्षिका म्हणून फार वर्षं खटकत होतं. उत्तर चुकलं तर गुण नाहीत, हे मी आयुष्यभर पोरांना सांगितलं. स्टाफरूममध्ये एकदा कुलकर्णी आडनावाच्या बाईंनी मला विचारलं, “म्हणजे तुमच्याकडे ग्रेस मार्क देऊन पास करतात?” मी म्हटलं, तसंच काहीसं. पण बोर्डाचे ग्रेस मार्क दोन-चार गुणांनी अडलेल्याला मिळतात, कोऱ्या पेपराला मिळत नाहीत. आमच्या पाटीप्रमाणे सगळ्यांचाच पेपर कोरा आहे. माझाही, आणि समोरच्या फुटपाथवर पिऊन पडलेल्याचाही. पूर्ण गुण दुसऱ्याच कुणीतरी मिळवले आणि ते आमच्या नावावर मांडले. त्या बाईंनी पुढचा प्रश्न विचारलाच, “मग अभ्यास कोण करेल?” प्रश्न रास्त आहे. बायबलमधली पत्रं लिहिणाऱ्या प्रेषित पौलालाही रोमच्या मंडळीला लिहिताना तो घ्यावा लागला. आम्ही म्हणतो की पास झाल्यावर अभ्यास सुटत नाही, उलट भीती गेल्यामुळे तो नीट होतो. सगळ्यांचा होतो का? नाही. मंडळीत असेही आहेत ज्यांनी ‘कृपा’ पाठ केली आणि भावाची जमीन खाल्ली.

आदरणीय बाई, माझ्या मुलाचं तुमच्यासारख्याच एका मंडळीतल्या मुलीशी जमलं आहे. मुलगी गुणी आहे. पण तिची आई म्हणते, “आधी त्याचा नवा जन्म व्हायला हवा.” म्हणजे काय करणार त्याला? बाप्तिस्मा घ्यावाच लागतो का? — एक आई, अमरावती

ताई, घाबरू नका. त्याला कुणी काही करणार नाही. नवा जन्म हा विधी नाही, तो करता येतच नाही.

आमच्याकडे ख्रिस्ती आईबापांच्या पोटी जन्मलं म्हणून कुणी आपोआप ख्रिस्ती ठरत नाही. मी तिसऱ्या पिढीतली, तरी मला एक दिवस स्वतःहून पश्चात्ताप करून ‘प्रभू, मी तुझी’ म्हणावंच लागलं. त्यालाच नवा जन्म म्हणतात. पंडिता रमाबाईंचं उदाहरण देते. त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे स्वतःच्या साक्षीत, म्हणजे आपल्या विश्वासाच्या आत्मकथनात, त्यांनीच लिहून ठेवलं आहे की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो त्यांना काही वर्षांनी भेटला. केडगावचं मुक्ती मिशन उभारणारी, मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून मराठीत बायबल आणणारी बाई हे कबूल करते, तर विहीणबाई तुमच्या मुलाकडून काय मागताहेत याचा अंदाज यावा. त्यांना कागद नकोय. खरं सांगायचं तर त्यांनी नुसता कागद मागितला असता तर तुमचं काम सोपं होतं.

बाप्तिस्मा त्यानंतर येतो. आम्ही लहान बाळांना देत नाही, फक्त कळत्या वयात, स्वतः विश्वासाची साक्ष दिलेल्यांना, आणि पूर्ण पाण्यात बुडवून. आमच्या मोर्णा नदीत आता कुणाला बुडवण्याजोगं पाणी राहिलेलं नाही, म्हणून आवारात सिमेंटचा हौद आहे. उन्हाळ्यात नळाला आठवड्याने पाणी येतं, तेव्हा टँकर मागवावा लागतो. माझ्या वहीत ‘बाप्तिस्मा – टँकर १’ अशा नोंदी आहेत. एका मे महिन्यात चार जणांचा बाप्तिस्मा ठरला आणि दोघे आदल्या रात्री मागे फिरले. पाळकसाहेबांनी त्यांना एका शब्दानंही बोल लावला नाही. मी मात्र टँकरच्या पैशांसाठी मनात चरफडले, हे कबूल करते.

लग्नासाठी म्हणून कुणी बाप्तिस्मा मागितला तर आमचे वडील (घरातले नव्हेत, मंडळीचा कारभार पाहणारे) त्याला थांबवतात. लग्न आधी किंवा नंतर, पण त्या कारणासाठी नाही. आता नाजूक भाग. विश्वासणाऱ्यानं विश्वासणाऱ्याशीच लग्न करावं, एका जुवाला दोन तऱ्हेचे बैल जुंपू नयेत, ही आमची शिकवण आहे. त्यामुळे मुलीचे पाळक कदाचित लग्न लावायला नकार देतील. तो तुमच्या मुलाचा अपमान समजू नका. कायद्यानं वाट बंद होत नाही. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी लग्न लागू शकतं, आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली ३० दिवसांची नोटीस देऊन दोघं आपापल्या धर्मात राहूनही लागतं.

आणि मुलाला घाई करू देऊ नका. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यानंतर काही वर्षं हिंदूच होत्या. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ तुमच्या घरात असेल तर सुनेला नव्हे, मुलाला वाचायला द्या. त्या बाईनं नवऱ्यासाठी म्हणून धर्म बदलला नाही, स्वतःला पटल्यावर बदलला. तिला जाच झाला तो सगळ्या बाजूंनी झाला, हेही त्यात आहे.

तुम्ही लोक पैसे वाटून धर्मांतर करता. परदेशातून किती येतात ते खजिनदार म्हणून सांगाल का? — नाव नाही, पोस्टाचा शिक्का वाचता आला नाही

सांगते. माझ्या २२ वर्षांत परदेशातून शून्य. शेवटच्या वर्षीचं सांगायचं तर सभासद १४०, रविवारची दानपेटी साधारण नऊ हजारांची. त्यातून पाळकांचं मानधन, वीजबिल, शब्बाथ शाळेचा खाऊ, दोन विधवांना महिन्याचं धान्य, हार्मोनियमची दुरुस्ती आणि टँकर. वर्षाखेरीस तूट आली की हंगामाच्या सणावर भिस्त. त्या दिवशी सभासद शेतातला, परसातला पहिला माल आणतात आणि लिलाव होतो. मी एक दुधी भोपळा ६०० रुपयांना जाताना पाहिला आहे. घेणाऱ्यानं तो परत अर्पण केला, पुन्हा बोली लागली, ४०० आले. भाजी कुणी केली कोण जाणे.

दुसरी बाजूही तुम्ही लिहायला हवी होती. अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार त्याची अनुसूचित जातीची सवलत जाते. आमच्यात कितीतरी घरं अशी आहेत. हिशेब मांडलात तर हा व्यवहार फायद्याचा दिसत नाही.

पण तुमचा प्रश्न नुसता झटकून टाकणार नाही. जुन्या इमारती परदेशी पैशांतून झाल्या, हे खरं आहे. आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात माझी पणजी मिशनच्या दारात आली ती येशूसाठी आली नव्हती, ज्वारीसाठी आली होती. घरात हे कुणी लपवलं नाही. पाऊस पडल्यावर तिच्याबरोबरच्या बऱ्याच बाया गावी परत गेल्या. ती गेली नाही. का, ते तिनं कधी नीट सांगितलं नाही. आजी म्हणायची की तिथे तिला पहिल्यांदा कुणी पंगतीत बसवून वाढलं होतं.

सुवार्ता आम्ही सांगतो का? सांगतो. तो पाटीवरच्या सहाव्या वाक्याचा भाग आहे आणि घटनेच्या २५ व्या कलमानं ती मोकळीक सगळ्याच धर्मांना दिली आहे. आमच्यातले काही फार सांगतात, रेल्वेच्या डब्यात झोपलेल्या माणसाला उठवून पत्रिका देतात. मी त्यातली नाही.

काकू, आमच्या शेजारी ख्रिस्ती कुटुंब आहे. पंधरा वर्षांचं येणं-जाणं. पण सत्यनारायणाचा प्रसाद घेत नाहीत. वहिनी वाटी हातात घेते आणि कसनुशी हसते. माझ्या सासूबाईंना फार लागतं. — एक शेजारीण, बुलडाणा

तुझ्या सासूबाईंना लागतं ते बरोबर आहे, आणि त्या वहिनीची पंचाईतही मला अगदी आतून कळते.

तिच्यासाठी प्रसाद म्हणजे नुसता शिरा नाही. पूजेत वाटा घेणं आहे. एकाच देवाची उपासना करायची असं तिनं ठरवलंय, म्हणून ती तिथे थांबते. पौलाच्या काळी करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीत हाच वाद झाला होता, मूर्तीपुढे ठेवलेलं खावं की नाही. पौलाचं उत्तर मला आवडतं, कारण ते सरळ हो किंवा नाही असं नाही. तो म्हणतो, मूर्ती काही नाही हे आपल्याला ठाऊक आहे, पण ज्याचं मन अजून त्यात अडकलेलं आहे त्याला ठेच लागेल असं खाऊ नका. म्हणजे जपायचं आहे ते माणसाचं मन.

माझे वडील याबाबतीत फार कडक होते. दारात आलेला प्रसाद ते तोंडावर परत करायचे. शेजारच्या देशमुखांशी आमचं त्यापायी सहा वर्षं बोलणं नव्हतं. विश्वास राखला, शेजार घालवला. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं.

माझ्या आताच्या शेजारणीशी मी दिवाळीच्या आधीच बोलून घेतलं. आता ती पूजेच्या आदल्या दिवशी स्टीलच्या डब्यात चकल्या-करंज्या देते, वर सांगते, “हा तुमचा, देवापुढे न ठेवलेला.” नाताळात मी तिच्याकडे केक पाठवते, तो अंड्याविना. तिलाही तिचे नियम आहेत. तुझ्या सासूबाईंना हे सुचवून बघ. आणि वाटी घेऊन कसनुसं हसण्यापेक्षा त्या वहिनीनं एकदा बसून बोलायला हवं होतं. पंधरा वर्षं म्हणजे काय कमी झाली!

बाई, आमच्या गावात एका मैदानावर ‘चंगाई सभा’ झाली. प्रार्थनेनं आजार बरे होतात म्हणे. तुमचाही यावर विश्वास आहे का? — एक वाचक, वाशिम जिल्हा

वाशिमहून विचारताय! माझा जन्मच तिथल्या रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटलमधला, आणि ते मिशनचं. मिरजेचं वानलेस हॉस्पिटल १८९४ सालचं, तेही मिशनचं. प्रार्थना पुरेशी असती तर या लोकांनी ऑपरेशन थिएटरं कशाला बांधली असती? शुभवर्तमान (येशूचं चरित्र) लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता.

प्रार्थनेवर माझा विश्वास आहे. कुणी आजारी पडलं की वडील घरी जातात, कपाळाला तेल लावून प्रार्थना करतात, तसं बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात सांगितलं आहे. कधी माणूस बरा होतो, कधी आम्ही त्याला दफनभूमीत पोचवून येतो. माझ्या यजमानांच्या वेळी तेलही लागलं आणि केमोही झाली. दोन्ही मनापासून केलं. ते गेले.

पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. काही वर्षांपूर्वी बाहेरून एक उपदेशक आले, दोन सभा घेतल्या, आणि व्यासपीठावरून म्हणाले की गोळी घेणं म्हणजे अविश्वास. आमच्या एका आजोबांनी इन्सुलिन बंद केलं. पाचव्या दिवशी आयसीयूत. वाचले, पण पायाची दोन बोटं गेली. पुढच्या रविवारी आमच्या पाळकांनी उपदेश बाजूला ठेवला आणि आजोबांची पाठीमागची रिकामी खुर्ची दाखवून सगळ्या मंडळीची माफी मागितली, कारण व्यासपीठ त्यांनीच दिलं होतं. त्यानंतर पाहुण्या वक्त्याची आधी वडिलांसमोर चौकशी होते. मानधनाचं पाकीट मी तयार करायचे, म्हणून मला ठाऊक आहे की त्या उपदेशकांना आम्ही सात हजार दिले होते. आजोबांच्या दवाखान्याला त्याच्या कितीतरी पट गेले.

तुमच्यात बायका उपदेश करतात का? — एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नागपूर

साक्ष देतात, प्रार्थना चालवतात, शब्बाथ शाळा आणि महिला मंडळ त्यांच्याशिवाय उभं राहणार नाही. प्रभुभोजनाचा (येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून होणाऱ्या विधीचा) द्राक्षरसही आम्हीच करतो, काळे मनुके उकळून, गाळून, आदल्या रात्री. पण रविवारचा उपदेश आमच्या मंडळीत अजून पुरुषच करतात. शास्त्रवचनांचा अर्थ लावण्यात मतभेद आहेत, आणि दुसऱ्या मंडळ्यांत बाया पाळक आहेतही. माझं मत विचारशील तर रमाबाईंना आमच्या व्यासपीठावर बसायला दिलं नसतं ही गोष्ट मला बोचते. बैठकीत मी ते दोनदा बोलले. दोनदाही विषय पुढच्या बैठकीवर गेला.

बाई, मी मंडळीतलाच, नुकता नोकरीला लागलोय. दशमांश हातात येणाऱ्या पगारावर द्यायचा की पीएफ आणि टॅक्स कापण्याआधीच्या? — एक तरुण, पुणे

चला, अखेर माझ्या खात्यातला प्रश्न आला.

दशमांश, म्हणजे दहावा भाग, हा बायबलच्या जुन्या करारातला. नव्या करारात पौल म्हणतो की ज्यानं त्यानं मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत किंवा जुलमानं नाही. त्यामुळे आकडा तुझा तू ठरव. मी हातात येणाऱ्या पगारावर देत असे. पीएफवर तो हातात आला तेव्हा, निवृत्तीला, एकरकमी दिला. बहिणीची फी, आईची औषधं, खोलीचं भाडं यांतून कापून देऊ नकोस. क्रेडिट कार्डवर तर मुळीच नाही. पगार झाल्या झाल्या बाजूला काढ, महिनाअखेरीला उरेल त्यातून देणाऱ्याकडे काही उरत नसतं. कोणी ‘दहा दे, देव शंभर देईल’ असं व्याजाचं आमिष दाखवलं तर पाकीट परत खिशात घाल. तो उपदेश नव्हे, तो चिटफंड.

आणि एक विनंती. फाटकी नोट अर्पणाच्या पाकिटात घालू नकोस. २२ वर्षं त्या बदलायला बँकेच्या रांगेत मीच उभी राहिले आहे.